मंगळवार कुनेओचा, सोमवार द्रोनेरोचा

सोमवारी द्रोनेरो, मंगळवारी कुनेओ, बुधवारी फोस्सानो, गुरुवारी बोर्गो सान दाल्मात्सो, शुक्रवारी बुस्का आणि शनिवारी सालुत्सो. इटलीच्या वायव्येकडच्या कुनेओ प्रांतात राहणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक कोणी मुद्दाम शिकवत नाही, पण काही महिने तिथे काढले की ते आपोआप तोंडपाठ होते. कामाच्या निमित्ताने माझे तिथे राहणे झाले तेव्हा आरंभी मी गावे नकाशावरून ओळखत होते. पुढे पुढे ती वारांवरून ओळखू लागले. गुरुवार म्हटला की बोर्गो, आणि बोर्गो म्हटले की गुरुवार, अशी सांगड मनात पक्की बसली. डोंगरात बाजार ठिकाणाला नसतो, वाराला असतो, हे त्या मुक्कामात मला उमगलेले मुख्य सूत्र. या लेखातले बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने लिहिले आहे.

प्रांताची ठेवणच तशी आहे. पश्चिमेला आल्प्सची भिंत आणि तिच्यापलीकडे फ्रान्स. दक्षिणेला डोंगर उतरला की लिगुरियाचा समुद्र. वायव्य टोकाला ३,८४१ मीटर उंचीचा मोनवीसो, ज्याच्या पायथ्याशी इटलीतली सर्वांत लांब नदी पो उगम पावते. क्षेत्रफळ सुमारे सहा हजार नऊशे चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि वस्ती सहा लाखांहून थोडी कमी. मात्र ही वस्ती जवळपास अडीचशे नगरपालिकांमध्ये विभागलेली आहे, आणि त्यांतल्या कित्येकींची लोकसंख्या मुंबईतल्या एखाद्या मोठ्या गृहनिर्माण सोसायटीलाही गाठणार नाही. आल्प्समधून पंख्याच्या काड्यांसारखी उतरणारी पो, वराइता, माइरा, ग्राना, स्तूरा, जेस्सो अशी खोरी आहेत. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे तर बहुतेक वेळा खाली मैदानात उतरून पुन्हा वर चढावे लागते. म्हणून प्रत्येक खोऱ्याच्या तोंडाशी, जिथे डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते तिथे, एकेक बाजाराचे गाव उभे राहिले. माइरा खोऱ्याच्या तोंडाशी द्रोनेरो, पो खोऱ्याच्या तोंडाशी सालुत्सो, आणि स्तूरा व जेस्सो या दोन नद्यांच्या संगमावरच्या उंच पाचरीवर, ११९८ साली वसलेले, खुद्द कुनेओ. वरचे लोक उतरत, खालचे चढत, आणि दोघांची गाठ ठरलेल्या वारी पडे.

कुनेओचा मंगळवारचा बाजार प्यात्सा गालिंबेर्ती या प्रचंड चौकात आणि त्याला लागून असलेल्या रस्त्यांत भरतो. या चौकाला ज्यांचे नाव आहे ते दूच्चो गालिंबेर्ती हे इथले वकील. मुसोलिनीची सत्ता कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ जुलै १९४३ रोजी, त्यांनी याच चौकावर उघडणाऱ्या आपल्या घराच्या सज्जातून लोकांसमोर भाषण केले आणि जर्मनांविरुद्ध लढा चालू ठेवण्याची हाक दिली. पुढे ते डोंगरात लढणाऱ्या गनिमी तुकड्यांत गेले आणि डिसेंबर १९४४ मध्ये मारले गेले. आता त्यांच्या घरात संग्रहालय आहे, आणि दर मंगळवारी त्या सज्जाच्या समोर मोज्यांचे, चादरींचे आणि चीजचे गाळे लागतात. यात कोणाला काही विसंगत वाटत नाही आणि मलाही वाटले नाही, कारण बाजारासाठी जमलेल्या लोकांशी बोलायची सोय असलेलाच चौक सभेलाही लागतो.

पर्यटकांसाठी लिहिलेल्या वर्णनांत अशा बाजारांची एक ठरीव छबी असते: चीजची चाके, लोंबकळणारे सॉसेज, टोपलीतली रानमश्रूम आणि सुरकुतलेल्या चेहऱ्याचा शेतकरी. हे सगळे तिथे असते, नाही असे नाही. मात्र मंगळवारी सकाळी नऊ वाजता चौकात उभे राहून पाहिले तर गर्दीचा मोठा भाग घरात घालायच्या सपाता, लोकरी बनियन, पडद्यांचे कापड, भांडी घासायच्या जाळ्या, कुकरच्या रबरी रिंगा आणि गजांवर टांगलेले झगे यांच्याभोवती असतो. डोंगरातल्या गावात किराणा एक वेळ मिळेल, पण शिलाईची बटणे, गॅसच्या शेगडीचा सुटा भाग किंवा सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मापाची चांगली विजार मिळत नाही. ती मंगळवारी मिळते. खोऱ्यांतून येणाऱ्या बसगाड्या त्या सकाळी भरलेल्या असतात. आणि एकदा उतरलोच आहोत तर दाताचा डॉक्टर, बँक, वकील, चष्म्याचे दुकान ही कामेही त्याच दिवशी उरकायची, हा हिशेब जुन्या पिढीत अजून आहे. चौकाभोवतीच्या कमानींखालच्या कॉफीगृहांत दुपारच्या सुमाराला बसले, की जमिनीचे सौदे, मुलीचे लग्न आणि गुडघ्याचे ऑपरेशन या तिन्ही विषयांवरच्या गप्पा एकाच टेबलावर ऐकू येतात.

खरेदीचे काही रिवाज मला हळूहळू कळत गेले. फळभाजीला हात लावायचा नाही. काय हवे ते सांगायचे आणि विक्रेता निवडून देतो. पिकलेले आजच खायचे आहे की दोन दिवसांनी, हे तो विचारतो, आणि त्या उत्तराप्रमाणे पीच उचलतो. रांग डोळ्यांना दिसत नाही, पण ती असते: येणारा माणूस ‘शेवटचे कोण?’ असे विचारतो, कोणीतरी बोट वर करते, आणि आपला नंबर त्याच्यामागे, एवढे लक्षात ठेवून सगळे इकडेतिकडे मोकळे उभे राहतात. चीज आणि मांसाच्या गाळ्यावर बोलण्याचे माप शंभर ग्रॅमचे, म्हणजे ‘एत्तो’. तीनशे ग्रॅम हवे तर तीन एत्ती मागायचे. घासाघीस खाण्याच्या वस्तूंवर जवळजवळ होत नाही. पाटीवर भाव, मालाची जात, प्रत आणि मूळ ठिकाण लिहिलेले असते, कारण तसे लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र भाजी तोलून झाली की विक्रेती न मागता पार्स्लीची जुडी आणि सेलरीचा एखादा दांडा पिशवीत टाकते, आणि तिचे पैसे धरत नाही. आपल्याकडे भाजीवाली मावशी वर कोथिंबीर आणि चार मिरच्या टाकते, अगदी तोच हात, तीच सवय, आणि ‘घे गं’ म्हणताना चेहऱ्यावरचा तोच किंचित उपकाराचा भाव. ज्या दिवशी मला पहिल्यांदा ती जुडी मिळाली त्या दिवशी मी त्या गाळ्याची गिऱ्हाईक झाले आणि शेवटपर्यंत राहिले.

वरवर पाहता हा सगळा पसारा आपसूक जमल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्याइतकी काटेकोर बांधलेली गोष्ट मी फार थोडी पाहिली आहे. चौकातला प्रत्येक गाळा जमिनीवर आखलेला असतो, त्याला क्रमांक असतो, आणि तो नगरपालिकेने एका विशिष्ट विक्रेत्याला काही वर्षांच्या कराराने दिलेला असतो. १९९८ च्या कायद्याने फिरत्या व्यापाऱ्यांचे दोन प्रकार केले: ज्यांना ठरावीक बाजारात ठरावीक जागा आहे ते, आणि ज्यांच्याकडे फिरून विकण्याचा परवाना आहे पण जागा नाही ते. दुसऱ्या प्रकारातले लोक भल्या पहाटे आपली मालाने भरलेली गाडी घेऊन येतात आणि थांबतात. ठरलेल्या वेळेपर्यंत एखाद्या गाळ्याचा मालक आला नाही, की नगरपालिकेचा रक्षक हातातल्या यादीवरून नावे पुकारतो आणि ती रिकामी जागा त्या दिवसापुरती वाटून देतो. या वाटपाला ‘स्पुंता’ म्हणतात. नावांचा क्रम ठरतो तो त्या बाजारात आजवर लावलेल्या हजेऱ्यांवरून, आणि जागा मिळाली नाही तरी आलेल्याची हजेरी धरली जाते. म्हणजे जानेवारीतल्या पहाटे, उणे सहा अंशांत, तास-दीड तासाची गाडी हाकून यायचे, नाव पुकारण्याची वाट बघायची, जागा मिळाली नाही की रिकाम्या हाताने परत जायचे. कमाई काय, तर वहीत एक हजेरी. काही वर्षांनी अशा हजेऱ्या साठल्या की माणूस यादीत वर सरकतो. मी एका पहाटे हे वाटप मुद्दाम बघायला गेले होते. सगळे मिळून वीस मिनिटांत आटोपले. एका कपडेवाल्याला जागा मिळाली, खेळणीवाल्याला मिळाली नाही. खेळणीवाल्याने गाडीतून न उतरताच मान हलवली आणि तो निघून गेला. आवाज कोणीही चढवला नाही.

या व्यवस्थेवर सर्वांत नेमके बोट ठेवणारा माणूस याच प्रांतातला निघाला, हा मला योगायोग वाटत नाही. इटलीचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष लुइजी एनाउदी हे पेशाने अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १८७४ साली कुनेओ प्रांतातल्या कार्रू या गावचा, जिथे डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी धष्टपुष्ट बैलांची प्रसिद्ध जत्रा १९१० पासून भरते. युद्धकाळात स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला असताना त्यांनी तिथल्या इटालियन विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवले, तेव्हा बाजार म्हणजे काय हे समजावताना त्यांनी गावच्या जत्रेचेच उदाहरण घेतले. भाव कसा ठरतो, मागणी म्हणजे काय, हे सगळे त्यात येते. पण पुढे ते असे सांगतात की जत्रेत विक्रेते आणि गिऱ्हाइके यांच्यापलीकडेही काही असावे लागते. पोलिसांच्या दोन टोकांच्या टोप्या गर्दीवर दिसाव्या लागतात, नगरपालिकेच्या रक्षकाचा गणवेश असावा लागतो, मागे नगरपालिकेची इमारत, न्यायालय, करारपत्रे करणारा नोटरी आणि चर्च असावे लागते. हे नसेल तर सौदाच होणार नाही. बाजार आणि सरकार ही एकमेकांची विरोधी टोके आहेत असे आज दोन्ही बाजूंचे उत्साही लोक मानतात. कार्रूत जन्मलेल्या एनाउदींना तसे वाटले नाही, आणि मंगळवारच्या पहाटेचा तो यादी हातात घेतलेला रक्षक पाहिल्यावर मलाही वाटत नाही.

माल बारकाईने पाहू लागले की त्यातूनही हीच बांधणी दिसते. अंड्यावर छापलेल्या आकड्यांत पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो, मग देश, मग गाव, आणि मग प्रांताची दोन अक्षरे. सप्टेंबरात येणारी पोर्चीनी रानमश्रूम वाटेल त्याने टोपलीत भरून विकायची नसतात. आरोग्य खात्याच्या तज्ज्ञाने ती तपासून दाखला दिलेला असावा लागतो, कारण चुकीच्या एका छत्रीने अख्खे घर दवाखान्यात जाते. उन्हाळ्याच्या शेवटी बोवेस आणि काराल्यो या भागांतल्या घेवड्याच्या रंगीत ठिपक्यांच्या शेंगा येतात. त्यांचे वेल चेस्टनट या डोंगरी झाडाच्या काठ्यांवर चढवण्याची इथे जुनी रीत आहे. नोव्हेंबरात चेर्वेरे गावचे लांबलचक पांढरे लीक कांदे येतात. आणि ऑक्टोबर म्हणजे चेस्टनट, त्याच झाडाचे पिठूळ फळ.

चेस्टनटच्या गाळ्यापाशी मला थोडे थांबले पाहिजे. मैदानात गहू होता. डोंगरात, जिथे गहू परवडत नसे, तिथे चेस्टनटच भाकरी होती. ते धुराच्या खोल्यांत वाळवत, दळत, दुधात शिजवत, आणि अनेक कुटुंबांचा हिवाळा त्यावर निघे. २००२ साली याच प्रांतात, कुनेओच्या दक्षिणेच्या डोंगरपायथ्याला, चेस्टनटच्या पानांवर विचित्र गाठी दिसू लागल्या. चीनमध्ये मूळ असलेली एक इवलीशी गांधीलमाशी, बहुधा आयात केलेल्या कलमांबरोबर, युरोपात पहिल्यांदा इथे पोहोचली होती. ती कळीत अंडी घालते, तिथे गाठ धरते, फांदी फुलत नाही आणि फळ येत नाही. काही वर्षांतच ती इटलीभर आणि पुढे युरोपभर पसरली, आणि जुन्या बागांचे उत्पन्न पार कोसळले. त्यावर फवारणी चालत नाही; झाडे उंच, डोंगरउतारावर, आणि मधमाश्या त्यांच्यावर जगतात. तोरिनो विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी त्या गांधीलमाशीचा नैसर्गिक शत्रू असलेला आणखी बारीक कीटक पूर्व आशियातून आणला आणि २००५ पासून बागांमध्ये सोडायला सुरुवात केली. साधारण दशकभरात समतोल परत आला. गाळ्यावरची बाई मला हे सांगताना दोन्ही कीटकांची लॅटिन नावे न अडखळता उच्चारत होती. माझ्या पिशवीत भाजण्याजोगे मोठे दाणे भरता भरता तिने त्या वाईट वर्षांचे भावही सांगितले, आणि त्या काळात आपण दुसऱ्याच खंडातून आलेले चेस्टनट पाटीवर तसे लिहून विकले, हेही लपवले नाही.

चीजमध्ये मानाचे स्थान कास्तेलमान्योचे. ग्राना खोऱ्यातल्या तीनच नगरपालिकांच्या हद्दीत ते बनते. १२७७ सालच्या एका निवाड्यात कुरणांच्या वापराबद्दल सालुत्सोच्या सरदाराला वर्षासन म्हणून याच चीजच्या चकत्या देण्याचा उल्लेख आहे, असे त्याचे उत्पादक अभिमानाने सांगतात. म्हणजे ते आधी खंड म्हणून दिले गेले आणि मग विकले गेले. बाहेरून करडे, आतून खडूसारखे पांढरे, हाताने दाबले की भुगा होणारे, आणि जुने झाले की आत निळसर रेघा धरणारे. किंमत अशी की मी ते नेहमी एकच एत्तो घेतले. विक्रेत्याला याचे काही वाटत नसे, कारण बहुतेक गिऱ्हाइके तेवढेच घेत होती. ज्या घरांचे पूर्वज ते चीज बनवून खंडणी भरत, त्यांच्याही ताटात ते रोज नसणार, हे उघड आहे.

परंतु या सगळ्या बाजारांत माझे मन अडकले ते द्रोनेरोच्या सोमवारात. गाव लहान, माइरा नदीवर १४२८ साली बांधलेला, दंतुर कठड्यांचा ‘सैतानाचा पूल’, आणि जुन्या भागात अष्टकोनी, कमानींचा, मध्ययुगीन धान्यबाजार, ज्याच्या भिंतीवर चित्रांचे पुसट अवशेष आहेत. इथे खारवलेल्या अँचोव्हीचा एक गाळा असतो: गोल डबे, त्यांत चक्राकार रचलेली, मिठात मुरलेली, आपल्या मांदेलीच्या कुळातली ही चिमुकली मासळी. समुद्रापासून डोंगराआड असलेल्या या खोऱ्यात मासळीचे काय काम, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधत गेले तेव्हा कळले की उत्तर इटलीभर बाजारांत खारवलेली मासळी विकणाऱ्यांची कितीतरी घराणी याच माइरा खोऱ्यातून, विशेषतः चेल्ले दी माक्रा आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांमधून, निघालेली आहेत.

कारण सरळ आहे. दीड हजार मीटर उंचीवर जमीन थोडी आणि बर्फ पाच-सहा महिने. राय नावाचे धान्य कापून झाले, गवत गंजीत गेले, की घरातल्या पुरुषांना वसंतापर्यंत काम नाही. आणि खाणारी तोंडे मात्र तेवढीच. म्हणून शरदात ते खाली उतरत, लिगुरियाच्या बंदरांतून आलेली खारी मासळी पिंपांत विकत घेत, निळ्या रंगाच्या लाकडी हातगाडीवर ती लादत, आणि पिएमोंते (कुनेओ ज्यात येते तो विभाग) व शेजारच्या लोंबार्दीच्या मैदानांत गावोगाव, दारोदार विकत फिरत. रात्री कोणाच्या तरी गोठ्यात झोपत. वसंतात परत वर, शेतीला. मिठावर जबर कर होता त्या काळात पिंपाच्या तळाशी मीठ आणि वर मासळीचा थर, अशी ही मिठाची चोरटी वाहतूक होती आणि मासळीचा धंदा त्यातून जन्मला, अशी आख्यायिका तिथे प्रत्येक जण सांगतो. मला ती फार पटत नाही. उपाशी हिवाळा हे कारण पुरेसे आहे, त्याला चातुर्याची फोडणी लागत नाही. पण सांगणाऱ्याला ती सांगताना इतका आनंद होतो की वाद घालणे जिवावर येते.

पिएमोंतेचा सर्वांत लाडका हिवाळी पदार्थ ‘बान्या काउदा’ याच व्यापाराचे अपत्य आहे. लसूण, ऑलिव्ह तेल आणि अँचोव्ही मंद आचेवर विरघळवून केलेला तो कढत रस मध्ये ठेवायचा आणि सगळ्यांनी त्यात कच्च्या-शिजवलेल्या भाज्या बुडवून खायच्या. यातले लसूण तेवढे घरचे. तेल डोंगरापलीकडचे, मासळी समुद्राची. जे प्रांताचे ओळखचिन्ह म्हणून मिरवले जाते, ते मुळात फिरत्या विक्रेत्यांनी वाहून आणलेले आहे. शुद्ध स्थानिक चवीबद्दल जे लोक फार बोलतात, त्यांनी या वाडग्यापाशी जरा थांबावे.

मासळीखेरीज इतर वस्तू विकणारेही याच डोंगरांतून गेले. माइरा खोऱ्यातल्याच एल्वा या उंच गावाचे पुरुष केस गोळा करत. मैदानातल्या गरीब स्त्रियांच्या वेण्या ते कापडाचा तुकडा किंवा थोडे पैसे देऊन विकत घेत; मग एल्वातल्या बायका ते केस धूत, लांबीप्रमाणे निवडत, जुड्या बांधत, आणि त्या पॅरिस-लंडनच्या टोप बनवणाऱ्यांकडे जात. आज त्या गावात त्याचे लहानसे संग्रहालय आहे, आणि गावची लोकसंख्या शंभराच्या आत आहे. याहून कठोर बाजार डोंगराच्या पलीकडे होता. स्तूरा आणि शेजारच्या खोऱ्यांतली आठ-दहा वर्षांची मुले वसंतात बर्फाची खिंड पायी ओलांडून फ्रान्समधल्या बार्सेलोनेतला नेली जात. तिथल्या चौकात फ्रेंच शेतकरी त्यांना न्याहाळून, मोसमापुरती गुरे राखायला ठरवून घेत. शरदात ती परत येत, थोडे पैसे आणि कधी नवे बूट घेऊन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत हे चालू होते. बाजाराबद्दल लिहिताना मी आतापर्यंत जो आपुलकीचा सूर लावला आहे तो या ठिकाणी मला आवरता घ्यावा लागतो. ठरलेला वार, ठरलेली जागा, माहितीची माणसे, हे सगळे त्या चौकातही होते.

आज तो प्रश्न दुसऱ्या रूपात सालुत्सोला भेटतो. सालुत्सोचा शनिवारचा बाजार देखणा. वरच्या जुन्या गावाच्या विटांच्या भिंती, मागे मोनवीसोचे शिखर, आणि गाळ्यांवर पीच, सफरचंदे, प्लम, किवी. भोवतीचे मैदान हा फळबागांचा मोठा पट्टा आहे. ती फळे तोडायला दर उन्हाळ्यात पश्चिम आफ्रिकेतले तरुण येतात, आणि त्यांना राहायला जागा कुठे द्यायची हा प्रश्न गावाला वर्षानुवर्षे सुटलेला नाही; अनेकांनी उघड्यावर, पुठ्ठ्यांवर रात्री काढल्या आहेत. बाजाराच्या दिवशी ते सायकली हातात धरून सर्वांत शेवटी येतात, भाव उतरल्यावर. फळ घेत नाहीत. कांदे, तांदूळ, कोंबडीचे पाय, आणि स्वस्तातले कामाचे बूट घेतात. मला पाहून एकाने मी पंजाबची का, असे विचारले, कारण पो नदीच्या मैदानातल्या गोठ्यांमध्ये काम करणारे भारतीय त्याने पाहिले होते आणि ते पंजाबचे होते. महाराष्ट्र म्हणजे मुंबईच्या बाजूचा, असे मी सांगितले. मुंबई त्याला सिनेमामुळे माहीत होती.

गाळ्यांमागची माणसेही बदलली आहेत. कपड्यांच्या आणि घरगुती वस्तूंच्या ओळीत आता मोरोक्कोतून आलेली कुटुंबे आणि चिनी विक्रेते पुष्कळ आहेत. त्यांची मुले इथल्या शाळांत शिकलेली आणि गिऱ्हाइकाशी पिएमोंतेच्या बोलीत विनोद करणारी. जुने विक्रेते निवृत्त होतात, त्यांच्या मुलांना पहाटे चारला उठायचे नसते, आणि गाळा विकला जातो. एका मोरोक्कन सूटकेसवाल्याने मला सांगितले की त्याने पहिली काही वर्षे नुसत्या हजेऱ्या भरल्या. डोंगरातले लोक पूर्वी करत होते तेच तो करत होता: आपले गाव सोडून, दुसऱ्यांच्या गावी, त्यांच्या वारी, माल घेऊन उभे राहणे. त्याच्या शेजारच्या गाळ्यावरची चेल्लेकडच्या घराण्यातली म्हातारी सिन्योरा त्याची सकाळची कॉफी मागवते आणि त्याच्या उधळ्या मुलाबद्दल त्याला खडसावते. स्थलांतरितांबद्दल तिची राजकीय मते मात्र मी ऐकली आहेत आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या.

बाजार जिथे भरतच नाही अशा वरच्या वस्त्यांसाठी एक शेवटची सोय उरते: फिरती किराणा गाडी. दुकान बंद पडून वर्षे झालेल्या गावांत आठवड्यातून एकदा ती चढते, चर्चसमोर थांबून हॉर्न वाजवते, बाजूची झडप वर उचलते, आणि आत फळ्यांवर पास्ता, दूध, साबण, वर्तमानपत्रे. ज्यांना फारसे चालवत नाही त्यांची औषधेही खालच्या औषधालयातून तोच गाडीवाला घेऊन येतो. माइरा खोऱ्यातल्या अशा एका गाडीवाल्याशी माझी द्रोनेरोच्या सोमवारी ओळख झाली होती. त्याचा वरचा फेरा गुरुवारचा होता. उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्या लोकांमुळे तो भरून निघे, पण नोव्हेंबर ते एप्रिल डिझेलचा खर्चही सुटत नव्हता, आणि बोर्गोच्या गुरुवारच्या यादीत त्याच्या हजेऱ्या आता जागा मिळण्याइतक्या वर आल्या होत्या. एक दिवस सोडायचा होता. त्याने दोन आठवडे विचार केला, वरच्या घरांतल्या लोकांना विचारले, औषधालयाशी बोलला, आणि फेरा शुक्रवारवर नेला. शुक्रवारी ताजी मासळी घेणारी दोन घरे त्यामुळे नाराज झाली, कारण त्यांचा मासळीवाला गुरुवारच्या किराणा गाडीनंतर शुक्रवारी येई आणि आता दोन्ही गाड्या एकाच सकाळी येणार होत्या. मग मासळीवाल्याने आपली वेळ अकराची केली. चर्चच्या दाराशेजारच्या फलकावर गुरुवार खोडून शुक्रवार लिहिला गेला, आणि त्याखाली, वेगळ्या अक्षरात, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बुधवार संध्याकाळपर्यंत खाली पोहोचवाव्यात अशी सूचना.